घरपट्टीचं बिल आलं की आधी वरचा भाग वाचा, आकडा नंतर (नाशिककरांसाठी)

एप्रिल उजाडला की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न पडतोच, "तुम्हाला घरपट्टी किती आली?" मग कोणी म्हणतं तेराशे, कोणी म्हणतं पाच हजार, आणि तिथून जो गोंधळ सुरू होतो तो दोन दिवस थांबत नाही. सेम टू बीएचके, सेम एरिया, रस्त्याच्या अलीकडची बिल्डिंग आणि पलीकडची बिल्डिंग, आणि बिलात तिप्पट चौपट फरक. लगेच निष्कर्ष निघतो की समोरच्याची मनपात ओळख आहे. असेलही कुठे, पण बहुतेक वेळा कारण सरळ कागदावर लिहिलेलं असतं आणि ते आपण वाचतच नाही, कारण बिल हातात आलं की सगळ्यांची नजर पहिली खाली जाते, एकूण रकमेवर. माझं म्हणणं आहे की नजर वर न्या. खालची रक्कम हा नुसता गुणाकार आहे. वरती क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि आकारणी कोणत्या वर्षापासून, या ज्या चार नोंदी असतात त्यावर सगळं ठरतं. त्या बरोबर असतील तर खिडकीवर भांडून काही होत नाही, आणि त्यातली एक जरी चुकली असेल तर बिल यंदाही चुकणार, पुढच्या वर्षीही चुकणार, आणि तुम्ही सांगेपर्यंत चुकतच राहणार.

आधी हे नक्की करा की तुमचं घर नेमकं कोणाच्या हद्दीत आहे. हसू नका, नाशिकमध्ये हा प्रश्न खरंच येतो. महापालिका १९८२ साली झाली तेव्हा आजूबाजूची बरीच गावं आत आली, त्यामुळे म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी ही नावं गावांची वाटली तरी घरपट्टी मनपाची. पण देवळाली कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचा जो भाग आहे तिथला कर बोर्डाचा, त्याचे नियम वेगळे. आणि हद्दीच्या जरा बाहेर प्लॉट घेऊन बंगला बांधला असेल तर ग्रामपंचायत, तिथे नमुना ८ च्या उताऱ्यावर नोंद असते आणि कर काढायची पद्धतही वेगळी, २०१५ च्या शेवटी नियम बदलले तेव्हापासून ग्रामपंचायती भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर लावतात. इथून पुढे मी जे लिहितोय ते फक्त महापालिकेतल्या घरांचं आहे.

मनपाचे सहा विभाग, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे आपलं सिडको, आणि सातपूर. तुमचं काम तुमच्या विभागीय कार्यालयात होतं, शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात पहिल्याच दिवशी जाऊन बसायची गरज नाही. तिथे मुख्यालय आहे, खाली काम अडलं तर तिथे जायचं.

आता हिशोब.

नाशिकमध्ये घरपट्टी निघते ती वार्षिक भाडेमूल्यावर. म्हणजे तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल असं मनपा धरते, आणि हे भाडं बाजारातलं नसतं, मनपाने दर चौरस मीटरला दरमहा असा एक दर ठरवलेला असतो. त्या दराने वर्षाचं भाडं काढायचं, त्यातून दुरुस्तीसाठी म्हणून १० टक्के वजा करायचे, जे उरलं ते करयोग्य मूल्य. हे १० टक्के कोणी मेहरबानी म्हणून देत नाही, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कराधान नियमांतच आहे. मग त्या करयोग्य मूल्यावर वेगवेगळ्या करांचे टक्के लागतात आणि बिल तयार होतं.

उदाहरणाला आकडे मी मनाने घेतोय, फक्त पद्धत कळावी म्हणून, हे मनपाचे दर समजू नका. समजा तुमचा फ्लॅट ६४६ चौरस फूट. चौरस फुटाला १०.७६४ ने भागलं की चौरस मीटर, म्हणजे ६० झाले. दर समजा २० रुपये. ६० गुणिले २० गुणिले १२, झाले १४,४००. त्यातून १,४४० वजा, करयोग्य मूल्य १२,९६०. सगळे कर मिळून समजा ४० टक्के होतात, तर घरपट्टी ५,१८४ रुपये. आता तोच फ्लॅट, तेवढाच, पण दर २० च्या ऐवजी ५ धरला तर भाडं ३,६००, वजा ३६०, करयोग्य मूल्य ३,२४०, आणि घरपट्टी १,२९६. बाकी काही बदललं नाही, एक दर बदलला आणि बिल चौथ्या हिश्श्यावर आलं.

आणि नाशिकमध्ये नेमकं हेच झालंय. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा भाडेमूल्याचे दर बरेच वाढवले गेले आणि १ एप्रिल २०१८ पासून नव्याने नोंद होणाऱ्या मिळकतींना ते लागू झाले. मोकळ्या जमिनींवरच्या कराचाही विषय त्यातच होता त्यामुळे शेतकरी, बिल्डर, नगरसेवक सगळे एकाच बाजूला उभे राहिले, असं नाशिकमध्ये फार वेळा होत नाही. किती गाजलं ते ज्यांना आठवतं त्यांना आठवतं. राजकारण बाजूला ठेवा, आपल्या कामाचा मुद्दा हा की जुन्या नोंदीचं घर आणि त्या तारखेनंतरचं घर यांचा हिशोब वेगळ्या दराने होतो. म्हणून कॉलेज रोडवरच्या तीस वर्षांच्या बिल्डिंगमधल्या काकांचं बिल आणि पाथर्डी फाट्याला नवीन फ्लॅट घेतलेल्या त्यांच्या मुलाचं बिल समोरासमोर ठेवून भांडण्यात अर्थ नाही. मुलाच्या बिलात चूक नाहीये. मला विचाराल तर हा फरक अन्यायच आहे, तोच रस्ता, तीच घंटागाडी, तेच दिवाबत्ती, आणि एकाने चौपट का भरायचे हे पटत नाही, पण ते धोरणाचं भांडण आहे, त्यावर वैयक्तिक हरकत घेऊन तुमचं बिल कमी होणार नाही. ज्यावर होऊ शकतं ते खाली सांगतो.

त्याआधी बिलातल्या ओळी, पटकन. सामान्य कर हा मुख्य. त्याच्यासोबत स्वच्छता, मलनिस्सारण, पाणी, अग्निशमन, वृक्ष अशा नावाने मनपाचे लहान मोठे कर. मग राज्य सरकारचे, शिक्षण कर जो घरांनाही लागतो पण दुकान ऑफिसला जास्त दराने, आणि रोजगार हमी कर जो फक्त बिगरनिवासी मिळकतींना लागतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. तुम्ही साधं राहतं घर म्हणून वापरताय आणि बिलात रोजगार हमीची रक्कम दिसतेय तर याचा अर्थ मनपाच्या दप्तरात तुमच्या घराचा किंवा घराच्या एखाद्या भागाचा वापर व्यावसायिक म्हणून पडलाय. बिलातली चूक पकडायची सगळ्यात सोपी खूण ही आहे आणि कोणी सांगत नाही. मोठ्या घरांना, ठराविक क्षेत्रफळाच्या वर गेलं की, मोठ्या निवासी जागांवरचा अजून एक राज्याचा कर असतो, बंगलेवाल्यांनी तो बघावा. पाणीपट्टी मात्र वरच्या पाणी नावाच्या करापेक्षा वेगळी, तिचं बिल नळजोडणीवर मीटरप्रमाणे येतं, ती भरली म्हणजे घरपट्टी भरली असं नाही.

आता त्या चार नोंदी.

क्षेत्रफळ. नाशिकमध्ये फ्लॅट विकतात तो सेलेबल एरियावर, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं टाकून आकडा फुगवलेला असतो. अॅग्रीमेंटमध्ये रेरा कायद्याप्रमाणेचा कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, वेगळा लिहिलेला असतो. मंजूर नकाशातला आकडा अजून तिसरा. त्यामुळे आकारणी करताना मनपाने यातला कोणता आकडा उचललाय हे बघायलाच पाहिजे. सेलेबल आकडा चिकटलेला असेल तर तुम्ही लॉबीचा कर स्वतःच्या नावावर भरताय. घरी टेप घेऊन स्वतः मोजा, भिंतींसकट आणि भिंतींशिवाय दोन्ही, अॅग्रीमेंट आणि नकाशाची प्रत सोबत ठेवा, मग विभागीय कार्यालयात जाऊन आकारणीचा उतारा मागा आणि त्यावरच्या आकड्याशी जुळवा. चौरस फूट आणि चौरस मीटरची गल्लत पण बघा.

वापर. निवासी, बिगरनिवासी, स्वतः राहता की भाडेकरू आहे. पूर्वीच्या मालकाने हॉलमध्ये क्लासेस चालवले असतील, पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर असेल, तर ती नोंद घर विकल्यावर आपोआप निघत नाही. भाडेकरू सोडून गेला आणि तुम्ही स्वतः राहायला आलात तरी नाही निघत. लेखी अर्ज द्यायचा, पाहणीला निरीक्षक येतो, तो आल्यावर घर दाखवायचं, लाइट बिल घरगुती दराचं आहे हे दाखवायचं. उलट बाजूही सांगून ठेवतो, घरातून खरंच दुकान चालवत असाल आणि नोंद निवासी असेल तर अर्ज देऊन पाहणी ओढवून घेण्याआधी दोनदा विचार करा, कारण निरीक्षक फक्त तुम्ही सांगितलेलंच बघून जात नाही.

बांधकामाचा प्रकार. आरसीसी, लोड बेअरिंग, पत्र्याचं, कौलारू, यांना दर वेगळे. जुन्या नाशकात, पंचवटीत वाड्यांच्या नोंदी बघितल्या तर निम्मा वाडा पडून गेलाय आणि दप्तरात अजून माडी उभी आहे अशी गत असते. पडलेल्या भागाची घरपट्टी कमी करून घ्यायची तर पडल्याचं मनपाला लेखी कळवायला लागतं, फोटो लावा, पंचनामा झाला असेल तर तो लावा.

सिडकोत याच्या नेमकं उलट. मूळ घर सिडकोच्या योजनेतलं छोटंसं, त्यावर एक मजला, मग अजून एक, पुढे ओटा बंद करून दुकान. नोंद मात्र मूळ घराचीच. मनपाने मागे सगळ्या शहराचा सर्व्हे केला तेव्हा आकारणीच न झालेल्या हजारो मिळकती सापडल्या आणि वाढीव बांधकामंही सापडली, त्यांना नवीन दराने आणि मागच्या वर्षांसकट बिलं गेली. आणि बांधकाम विनापरवानगी असेल तर कायद्याच्या कलम २६७ अ प्रमाणे कराच्या दुप्पट शास्ती, म्हणजे दंड, लागू शकते. कोणी असं सांगत असेल की एकदा घरपट्टी लागली की बांधकाम रेग्युलर झालं, तर ते साफ खोटं आहे, घरपट्टी लागणं आणि परवानगी मिळणं याचा एकमेकांशी काही संबंध नाही. तसंच घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा पण नाही, कोर्टात तिच्यावर घर सिद्ध होत नाही, हे वाटणीच्या भांडणात खूप उशिरा कळतं लोकांना.

चौथी नोंद, आकारणीची तारीख. नवीन बिल्डिंगमध्ये पूर्णत्वाचा दाखला कधीचा, ताबा कधीचा आणि घरपट्टी कधीपासून लावली हे तिन्ही बघा. ताब्याच्या आधीच्या काळाची थकबाकी तुमच्या बिलात आली असेल तर ती बिल्डरच्या वाट्याची आहे, अॅग्रीमेंटमध्ये तसं कलम बहुतेक असतंच, त्याला दाखवून वसूल करा. पण मनपाशी त्यावर वाद घालत बसू नका, कारण कायद्याने घरपट्टी हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो, माणूस बदलला तरी बोजा घरालाच चिकटलेला राहतो. रिसेलचा फ्लॅट घेताना हेच, टोकन देण्याआधी थकबाकी नसल्याचा दाखला मागायचा, "भरलीये हो, पावती सापडत नाहीये" या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही.

नाव बदलायचं राहूनच जातं. खरेदीखत झालं, लोन सुटलं, गृहप्रवेश झाला, घरपट्टी मात्र अजून आधीच्या मालकाच्या नावाने येतेय आणि आपण दर वर्षी मुकाट भरतोय. नियम असा की व्यवहार झाल्यापासून तीन महिन्यांत मनपाला हस्तांतरणाची नोटीस द्यायची, आणि ती दिली जात नाही तोवर कराची जबाबदारी विकणाऱ्यावरही राहते. म्हणजे घर विकणाऱ्यानेही हे स्वतःहून बघायला पाहिजे, नाहीतर विकलेल्या घराच्या नोटिसा त्याच्याच दारात. कागद लागतात ते नोंदणी झालेलं खरेदीखत, इंडेक्स टू म्हणजे नोंदणी कार्यालयाचा त्या खताचा सारांश, चालू घरपट्टीची पावती, ओळखपत्र, सोसायटी असेल तर तिचं पत्र. वारसाने आलं असेल तर मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद, बाकी भावंडांची संमती असली तर बरं पडतं. आणि हो, मनपा तुमच्या मिळकतीला जो इंडेक्स नंबर देते तो बिलावर असतो, ऑनलाइन भरताना तोच लागतो, खरेदीखतासोबतचा इंडेक्स टू हा पूर्ण वेगळा कागद आहे. खिडकीवर "इंडेक्स आणा" म्हटलं की कोणता ते विचारून घ्या, नाहीतर चक्कर वाया.

सवलतींचं आता जरा सविस्तर बोलू, कारण अफवा सगळ्यात जास्त इथेच.

पहिली अफवा, ५०० फुटांपर्यंत घरपट्टी माफ. ही माफी मुंबईतली आहे, मुंबई महापालिकेच्या हद्दीतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून. मुंबईत करही भांडवली मूल्यावर निघतो, आपल्याकडे भाडेमूल्यावर. दुसरी अफवा, स्वतः राहत असाल तर ४० टक्के सूट, पीटी ३ फॉर्म भरा. ती पुण्याची. त्या फॉर्मची पीडीएफ दर एप्रिलला नाशिकच्या ग्रुपवर फिरते आणि सिडकोच्या ऑफिसात लोक ती प्रिंट घेऊन येतात, खिडकीवरचा माणूस पण बिचारा किती वेळा सांगणार. अशी कुठलीही सवलत ऐकली की एकच प्रश्न विचारायचा, नाशिक मनपाचा ठराव किंवा शासन निर्णय कुठे आहे? नंबर आणि तारीख सांगता आली नाही तर सोडून द्या.

आता खऱ्या. सगळ्यात सोपी म्हणजे लवकर भरायची सूट. एप्रिलमध्ये भरलं तर सगळ्यात जास्त, मे मध्ये त्याहून कमी, जून मध्ये अजून कमी, आणि मग संपलं. टक्केवारी मनपा वर्षाप्रमाणे बदलते, ऑनलाइन भरणाऱ्यांना कधी अजून वरून काही देतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा पाठ करून ठेवू नका, चालू बिल बघा. यासाठी बिल घरी यायची वाट बघायची गरज नसते, इंडेक्स नंबर टाकून मनपाच्या वेबसाइटवर किंवा एनएमसी ई-कनेक्ट अॅपवर थकबाकी दिसते. ही सूट मागच्या थकबाकीला मिळत नाही हेही आहे, म्हणजे जो मागचं सगळं भरून बसलाय त्यालाच तिचा खरा फायदा.

सोलर बसवलेल्यांना सामान्य करात सवलत मिळते. बिल्डरने ब्रोशरमध्ये सोलर दाखवला आणि गच्चीवर बसवला म्हणून ती आपोआप बिलात येत नाही, तिच्यासाठी अर्ज करायला लागतो, यंत्रणा चालू आहे हे दाखवायला लागतं. कितीतरी बिल्डिंग अशा आहेत जिथे गच्चीवर सोलर चकाकतोय आणि कोणीच अर्ज केलेला नाही, सेक्रेटरीला वाटतं मेंबर करतील आणि मेंबरना वाटतं सेक्रेटरी.

माजी सैनिकांची माफी ही नाशिकमध्ये खूप घरांच्या कामाची, देवळाली, नाशिकरोड, उपनगर, जेलरोड भागात निवृत्त फौजी किती आहेत ते सांगायला नको. पूर्वी करमाफी शौर्यपदक मिळवणाऱ्यांना आणि तशा काही मोजक्याच घरांना होती. २०२० मध्ये राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली आणि ती सरसकट माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवांना लागू केली. एकाच राहत्या घराला मिळते, तीन फ्लॅट असतील तर कोणता एक ते लिहून द्यायचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो, महाराष्ट्रातले रहिवासी असल्याचा पुरावा लागतो, आणि घर त्या व्यक्तीच्या किंवा पत्नीच्या नावावर मनपा दप्तरात असायला पाहिजे. इथेच अडतं. घर मुलाच्या नावावर किंवा अजून बिल्डरच्याच नावावर असतं आणि वडील दाखला घेऊन उभे. म्हणून आधी नाव नोंदणी, मग माफीचा अर्ज, या क्रमाने जा. माफी मंजूर झाली तरी पुढच्या बिलात नेमक्या कोणत्या ओळी शून्य झाल्या आणि कोणत्या राहिल्या ते बघा.

धर्मादाय आणि पूजास्थळांना सामान्य करातून सूट आहे, कलम १३२ मध्ये. पण ती फक्त प्रत्यक्ष पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला. मंदिराच्या गाळ्यात दुकान भाड्याने दिलं असेल तर त्या गाळ्याला नाही. घरात मोठं देवघर केलं म्हणून तर अजिबातच नाही, हे मी गमतीत लिहीत नाहीये, असा अर्ज लोकांच्या डोक्यात येतो.

बंद घराचं पण विचारतात, मुलगा अमेरिकेत, घराला कुलूप, तरी घरपट्टी पूर्ण का. कायद्यात रिकाम्या घराबद्दल परताव्याची तरतूद आहे पण ती घर रिकामं झाल्याची लेखी सूचना आधी दिली असेल तरच, वर्ष संपल्यावर "बंदच होतं" म्हणून काही मिळत नाही.

बरं, नोंदी बघितल्या, चूक सापडली, आता काय. दोन परिस्थिती आहेत. एक म्हणजे जुनीच चूक चालत आलीये, तर विभागीय कार्यालयातल्या कर विभागात दुरुस्तीचा साधा अर्ज, सोबत पुरावे, आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे. शिक्क्याशिवाय अर्ज म्हणजे अर्ज दिलाच नाही असं समजा. उतारा, थकबाकी नसल्याचा दाखला, हस्तांतरण नोंद या सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात, त्यांना मुदत ठरलेली असते, आपले सरकार पोर्टलवरून किंवा नागरी सुविधा केंद्रातून अर्ज केला की नंबर मिळतो आणि मुदत उलटली की त्याच कायद्याने अपील करता येतं. नुसतं तोंडी "साहेबांना सांगून ठेवलंय" याने काही हलत नाही.

दुसरी परिस्थिती, घरपट्टी पहिल्यांदा लागतेय किंवा वाढवतायत. तेव्हा मनपाने तुम्हाला विशेष नोटीस द्यायला पाहिजे, तिच्यात नवीन करयोग्य मूल्य असतं आणि हरकत किती दिवसांत द्यायची ते लिहिलेलं असतं. मुदत छोटी असते, पंधरवड्याच्या आसपासची, आणि नोटीस बऱ्याचदा दाराच्या फटीत किंवा वॉचमनच्या टेबलावर पडलेली असते. ती हातात आली की त्याच दिवशी तारीख टाकून फोटो काढा. हरकतीत "कर जास्त आहे, गरीब माणूस आहे" असं लिहिलं तर सुनावणी दोन मिनिटांत संपते. काय लिहायचं, तर क्षेत्रफळ इतकं धरलंय, प्रत्यक्ष इतकं आहे, हा नकाशा. वापर बिगरनिवासी धरलाय, निवासी आहे, हे लाइट बिल. आकारणी अमुक तारखेपासून लावली, ताबा तमुक तारखेचा, हे ताबा पत्र. आकडा आणि त्यासमोर कागद, बस. सुनावणीला स्वतः जा, वयस्कर असाल तर मुलाला अधिकारपत्र देऊन पाठवा.

तिथे मान्य नाही झालं तर कलम ४०६ प्रमाणे कोर्टात अपील आहे. पण तीन अटी पक्क्या लक्षात ठेवा, आधी आयुक्तांकडे हरकत दिलेली आणि तिचा निर्णय झालेला पाहिजे, निर्णयापासून १५ दिवसांच्या आत अपील पाहिजे, आणि वादातली कराची रक्कम आधी भरलेली पाहिजे. ती शेवटची अट लोकांना पटत नाही, कर चुकीचा आहे म्हणून तर कोर्टात आलोय आणि तो आधी भरू? हो, भरायचाच. पावतीवर किंवा सोबतच्या पत्रात "हरकत राखून भरणा" असं लिहून ठेवा. हजार दीड हजाराच्या फरकासाठी वकील लावणं परवडत नाही हे खरं आहे, म्हणून सोसायटीत सगळ्यांची चूक एकसारखी असेल, म्हणजे सगळ्यांनाच सेलेबल एरिया लावला असेल, तर हरकत प्रत्येकाने आपल्या नावाची द्या पण तयारी एकत्र करा, एकच नकाशा, एकच आर्किटेक्टचं मोजमाप, खर्च वाटून.

आणि वाद चालू असताना भरणा थांबवू नका, कारण शास्ती. कर कायद्याने सहामाही हप्त्यांत, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला देय होतो, बिलाची मुदत गेली की महिन्याला २ टक्के शास्ती सुरू, म्हणजे वर्षाला २४. बँकेत एफडीला याचा तिसरा हिस्साही मिळत नाही. मग जप्तीचं वॉरंट, मग पेपरात नाव. २०२२ च्या दिवाळीआधी तर मनपाने थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवले होते. मध्ये मध्ये अभय योजना येते, शास्तीत घसघशीत माफी देतात, त्यामुळे काही लोक मुद्दाम थांबतात की पुढच्या अभयला भरू. माफी शास्तीची असते, मूळ कराची नाही, आणि योजना कधी येईल याचा भरवसा नाही, आणि तोपर्यंत घर विकायचं ठरलं तर दाखला मिळत नाही. ज्यांची जुनी थकबाकी आहेच त्यांनी योजना आली की पहिल्या टप्प्यात भरावी, एवढा तिचा उपयोग.

घर भाड्याने दिलं असेल तर अजून दोन गोष्टी. घरपट्टी भाडेकरूने भरायची असं अॅग्रीमेंटमध्ये ठरवता येतं, पण मनपाच्या दृष्टीने पहिली जबाबदारी मालकाचीच, त्याने भरली का हे दर वर्षी ऑनलाइन बघत जा. आणि इन्कम टॅक्समध्ये भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा मिळते, पण जी मालकाने स्वतः आणि त्या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलीये तीच, नुसतं बिल आलेलं चालत नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रडतो, तेव्हा वजावट पाहिजे असेल तर त्याच्या आधीच भरून पावतीची पीडीएफ सीएला पाठवून द्या, आणि एक कॉपी मेलवर स्वतःलाही, कारण पुढच्या वर्षी दप्तरात भरणा दिसला नाही तर दाखवायला तीच लागते.